साडीखालचे चार हात

मध्ययुगीन शिल्पांवरच्या निबंधांत एक वाक्य सारखं भेटतं: 'मूर्ती पूजेत असल्यामुळे तपासता आली नाही.' बहुतेक वेळा ते तळटिपेत असतं. वाचणारा ते वाचतो आणि पुढे जातो. मीही जायचे. मग माझ्या वाट्याला अशीच एक मूर्ती आली आणि त्या वाक्यामागे काय काय असतं ते पाहायला मिळालं. 'पाहायला' हा शब्द खरं तर बरोबर नाही, पण ते पुढे येईलच.

मूर्ती जिंतूर तालुक्यात आहे, चारठाण्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. चारठाण्याला लोक येतात. अभ्यासक येतात, ड्रोन घेऊन व्हिडिओ करणारे येतात, शाळांच्या सहली येतात. पुढच्या या गावात कोणी थांबत नाही. देऊळ म्हणजे जुन्या देवळाचा उरलेला गाभारा. त्याच्यापुढे पत्र्याचं शेड, पांढरी फरशी आणि स्टीलचा सरकता दरवाजा. आत माणसाच्या छातीइतकी उंच मूर्ती आहे. तिला मानेपासून खाली नऊवारी नेसवलेली असते, डोक्यावर पदर, तोंडावर पितळी मुखवटा. काळा दगड दिसतो तो फक्त पायाशी, साडीच्या काठाखाली, बोटभर. गाव तिला आई म्हणतं. तिला दुसरं नाव नाही.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, विद्यापीठात शिकवतात. त्यांनी पूर्वी एका लेखात ही मूर्ती विष्णूची असावी असं लिहिलं होतं. पदराखाली उंच मुकुटाचा आकार कळतो, मूर्ती दोन्ही पायांवर सरळ उभी आहे, आणि आपल्या भागात विष्णूला साडी नेसवून देवी म्हणून पुजल्याची बरीच उदाहरणं आहेत. म्हणणं पटण्यासारखं होतं. मला पटलं होतं.

माझं काम त्याच्या पुढचं होतं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि कमळ असतं. कोणत्या हातात काय, यावरून त्याची चोवीस रूपं ओळखतात. म्हणजे हात कळले की नाव कळतं. परभणीतल्याच एका महाविद्यालयात यादवकाळातल्या मूर्तींवर चर्चासत्र होणार होतं. मी तिथे सारांश पाठवला. पूजेतली ही विष्णुमूर्ती नेमकी कोणत्या रूपाची आहे ते सांगेन, असं त्यात लिहिलं. सारांश स्वीकारला गेला आणि छापलाही गेला. हात मात्र तोवर कोणी पाहिले नव्हते.

पहिल्यांदा मी सरांबरोबर गेले. शेजारच्या किराणा दुकानातून एक काकू किल्ली घेऊन आल्या. उंच, अंगाने बारीक, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्याखाली लिंगाची चांदीची डबी. घर वाण्यांचं, महादेवाला मानणारं. तरी आईला साडी नेसवायचा मान त्याच घराच्या सुनांकडे चालत आलेला. हे कसं काय, असं सरांनी विचारलं.

"महादेव गळ्यात हाय, आई दारात हाय," काकू म्हणाल्या. "त्या दोघांचं भांडण न्हाई. तुमाला काय अडचण?"

सरांनी मग साडी थोडी बाजूला करता येईल का, असं अगदी हळू विचारलं.

"साहेब, तुमच्या घरी येऊन कुणी असं विचारलं तर?"

सरांनी हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "मला दर वेळी हेच उत्तर मिळालंय. शब्दसुद्धा तेच. आता तुम्ही बघा. तुम्हाला कदाचित जमेल."

मला काही मागायला जमत नाही. शाळेत असताना मी पाणी प्यायला जाऊ का हेसुद्धा शेजारणीला विचारायला लावायचे. इंग्रजी शाळेत ते वाक्य तरी पाठ करून घेत होते. इथे तसं पाठ केलेलं वाक्य नव्हतं. दुसऱ्यांदा मी एकटी एस.टी.ने गेले. दुकानात जाऊन बिस्किटांचा पुडा घेतला आणि काकूंनी पुढे सरकवलेल्या तेलाच्या डब्यावर बसून राहिले. काकूंची धाकटी जाऊ शेंगदाणे निवडत होती. थोडा वेळ दोघींनी मला बसू दिलं.

"कुणाची ग तू?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. आईचं माहेर त्याच भागातलं. आजोबा याच दुकानातून पेंड न्यायचे असं निघालं.

"मग घरचीच की. त्या दिवशी साहेबासंगं आलीस म्हणून मला वाटलं सरकारी हाय."

यावर मी साडी कधी बदलता, एवढं विचारू शकले.

"घट बसायच्या आदल्या दिवशी. वर्षातून एकदाच."

"कोण बदलतं?"

"घरच्या सुना. न्हाईतर कुमारिका. दुसरं कुणी न्हाई. दस्तूर हाय तसा." त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग पायाच्या बोटांकडे. "तुझं लगीन?"

"नाही झालं."

"अगं माय. एवढी मोठी होऊन?"

"अक्का, शिकायलीय ती," धाकट्या काकू म्हणाल्या.

"शिकू दे की. मी कुठं न्हाई म्हणायले? मग चालतीय ही." काकू माझ्याकडे वळल्या. "पण लगीन झालं की न्हाई चालायचं, सांगून ठेवते. माझी लेक झरीला दिलीय. लहानपणी सगळं तीच करायची. आता आली तरी उंबऱ्याच्या बाहेर बसती."

घरी येणारे पाहुणे ज्या गोष्टीवरून आईला आडून विचारतात, तीच गोष्ट इथे माझी पात्रता ठरली होती. संशोधनाच्या कोणत्याही अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता.

"आमचा धाकटा पण हाय की बिनलग्नाचा," धाकट्या काकूंनी सुपातून मान वर न करता सांगितलं. तो काकूंचा शेवटचा मुलगा. "दुकान हाय, मोटारसायकल हाय, आई दारात हाय. सून म्हणून ये, मग दरवर्षी बघ."

"तिला विचारू तर दे, लगेच मांडव घालायलीस," काकू म्हणाल्या. मी बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत वाचत राहिले.

"फोटो घेता येईल?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"मोबाईल बाहेर. आमच्या मालकाचा पण बाहेरच ऱ्हातोय. आणि मालक पण."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीने पोचले. काकूंनी मला विहिरीच्या पाण्याने हातपाय धुवायला लावले. मोबाईल दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला. गाभाऱ्यात आम्ही तिघीच होतो. दरवाजा ओढून घेतला. शेडमध्ये झरीहून आलेली लेक उंबऱ्याला टेकून बसली होती आणि आत काय चाललंय ते न बघता सूचना देत होती.

मी अशी कल्पना केली होती की जुनी साडी काढतील, मूर्ती उघडी होईल, आणि नवी नेसवेपर्यंत जो काही वेळ मिळेल त्यात मी हात पाहून घेईन. मी एका कोपऱ्यात उभं राहायची जागासुद्धा मनात ठरवली होती. जिथून दिव्याचा उजेड मूर्तीवर पडेल अशी.

तसं काही होत नाही. आई कधी उघडी होतच नाही. नदीवर बाई जशी ओलं लुगडं बदलते तशी तिची साडी बदलतात. आधी नवी साडी जुनीवरून सैल गुंडाळतात, गळ्याशी गाठ मारतात, आणि मग जुनी आतल्या आत सोडवून खालून ओढून घेतात. मधल्या वेळात, नवी साडी अजून सैल असताना, आतून हात घालून सगळ्या अंगाला तेल-हळद लावायची. तीही न बघता. मग निऱ्या, पदर, मुखवटा.

मी उभी होते त्या कोपऱ्यातून हिरव्या साडीचा फुगलेला आकार सोडून काही दिसत नव्हतं. छापलेला सारांश मला आठवत होता.

जुनी साडी खालून निघाली. काकूंनी हळदीची वाटी उचलली, साडीत हात घातला आणि थोड्या वेळाने दात आवळून बाहेर काढला.

"खांदा धरलाय. वरपर्यंत जाईना."

"मी लावू का अक्का?" धाकट्या काकूंनी विचारलं.

"तुझा हात आखूड. मागल्या वर्षी अर्धी आई कोरडीच ऱ्हायली." त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "तू लाव. लांब हाय तुझा. बघायचं न्हाई, आणि एक पण जागा सोडायची न्हाई."

मी गुडघ्यांवर बसले आणि साडीत हात घातला.

दगड थंड होता आणि गुळगुळीत. वर्षानुवर्षांच्या तेलाने काही खाचा भरून आल्या होत्या. मी खालच्या उजव्या हातापासून सुरुवात केली, कारण पुस्तकांत मोजायची सुरुवात तिथून करतात. तळव्यावर काहीतरी गोल, त्याला पाकळ्यांच्या रेघा. कमळ. वरच्या उजव्या हातात चढत जाणारी वळणं, टोकाला निमुळती. शंख. साडीखाली डाव्या बाजूला जायला मला मूर्तीला जवळजवळ मिठी मारावी लागली. माझा गाल साडीच्या काठावर होता. वरच्या डाव्या हातात चाक, मध्ये आरे, कडेला ज्वाळांची टोकं. चक्र. त्याखालच्या हातात उभा दांडा, खाली फुगत जाणारा. गदा. ही नावं मी आधी कॉन्क, डिस्कस अशी शिकले होते. हळदीच्या हाताला ती तशी लागली नाहीत.

कमळ, शंख, चक्र, गदा. हा केशवाचा क्रम. सारांश खरा ठरला होता. मी अंगाला हळद लावायला हात मधे आणला आणि तो छातीवरून गेला.

मी हात मागे घेतला.

"काय झालं? पोळलं का?" काकूंनी विचारलं.

"नाही, काही नाही."

मी पोट, मांड्या, पाय सगळं नीट चोळलं. छातीकडे परत गेले नाही. ते धाकट्या काकूंनी केलं, त्यांचा हात तिथपर्यंत पोचत होता. बाहेरून झरीच्या लेकीने विचारलं, "लागली का ग हळद नीट?" आणि काकू म्हणाल्या, "लागली. ह्या वेळी अख्खी लागली."

परतीच्या गाडीत मी हात मांडीवर उलटे ठेवून बसले. मला माहीत होतं की विष्णूच्या प्रत्येक रूपाची एक शक्ती सांगितलेली आहे. हात तेच, आयुधं त्याच क्रमाने, शरीर मात्र स्त्रीचं. अशा मूर्ती फार थोड्या आहेत. ही तशी असेल तर सारांश चुकला होता, आणि सरांचा लेखही. आणि माझ्याकडे पुरावा म्हणून होते ते माझे हात. त्यांचा दुसऱ्या कोणाला काही उपयोग नव्हता.

हळद साबणाने गेली नाही. घरी माझ्या आईने दार उघडताच हात पाहिले.

"मला न सांगताच उरकलंस का?" ती म्हणाली. मग स्वतःच हसली, आणि हसणं संपल्यावर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

दोनच दिवसांनी चर्चासत्र होतं. सकाळी मी सरांना घ्यायला स्टेशनवर गेले. ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मग? कोण आहेत आमचे? केशव, की माधव?"

"हात केशवाचे आहेत."

"वा!"

"पण सर, अंग बाईचं आहे."

ऑटो सिग्नलला थांबला. आमच्या दोन्ही बाजूंना मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या. सर त्यांच्याकडे पाहत होते.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. हात लागला."

"फोटो?"

"नाही."

ऑटो निघाल्यावर ते म्हणाले, "मग असं करा. सारांशात आहे तेवढंच वाचा. हातांचा क्रम सांगा, केशव म्हणा आणि थांबा. त्यात खोटं काही नाही. बाकीचं पुरावा मिळाला की बघू."

सल्ला रीतीला धरून होता. हाताला लागलं म्हणून कोणी मूर्ती ओळखत नाही. पण तेवढंच वाचलं असतं तर मी ती मूर्ती विष्णूची आहे असं सांगितल्यासारखं झालं असतं, आणि सरांच्या लेखाला माझा आधार मिळाला असता. त्यांचा सल्ला किती अभ्यासासाठी होता आणि किती लेखासाठी, ते मला कळलं नाही. त्यांनाही वेगळं करता आलं असतं असं वाटत नाही.

नोंदणीच्या टेबलावर एक विद्यार्थिनी बॅज वाटत होती. मी सही करायला पिवळा हात पुढे केला.

"ताई, अभिनंदन! कधी आहे?"

"दुपारनंतर."

"लग्न?"

मी सत्राची वेळ सांगितली होती. मला वाटलं ती माझ्या निबंधाबद्दल विचारत होती. तिचा चेहरा पाहून चूक कळली, पण तोवर मागचे लोक पुढे सरकले होते.

उद्‌घाटन लांबलं. पंख्यामुळे समईची वात पेटेना, मग पंखे बंद केले, मग समई पेटली आणि पंखे लावायचे राहून गेले. शाली दिल्या गेल्या. ज्यांना शाली दिल्या त्यांनी वेळ कमी आहे असं सांगून भाषणं केली. दुपारी आमच्या सत्राला पोचेपर्यंत प्रत्येकाची वेळ निम्मी झाली होती. बाहेरगावचे काही अभ्यासक मोठ्या पडद्यावर होते. कोणाचं कपाळ दिसत होतं, कोणाच्या खोलीतलं कपाट.

माझं नाव पुकारलं. मी शेडमधून काढलेला मूर्तीचा नेसवलेला फोटो लावला आणि इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. अनोळखी लोकांपुढे मला इंग्रजी बरं पडतं. त्या भाषेत माझा आवाज वर्गातला असतो, घरचा नसतो. मी देऊळ सांगितलं, साडी बदलायची रीत सांगितली, हात आतून कसा फिरवला ते सांगितलं, चार आयुधं आणि त्यांचा क्रम सांगितला. कागदावर पुढचं वाक्य होतं, म्हणून ही मूर्ती विष्णूच्या केशव रूपाची ठरते. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान किंचित हलवली, आता थांबा अशी.

मी ते वाक्य वाचलं नाही. सारांशात विष्णू असं छापलं आहे, आता मला तसं वाटत नाही, असं म्हटलं. शरीर स्त्रीचं आहे, हे माझ्या हाताला लागलं, मी पाहिलेलं नाही, फोटो नाही आणि मिळणारही नाही. मग मी खूप लवकर आभार मानले.

सरांनी चष्मा काढून पुसला.

मधल्या रांगेतले एक जण उठून म्हणाले, "फोटोशिवाय आम्ही काय समजायचं?" मी फोटो नाही असं पुन्हा सांगितलं. ते बसले. मग पडद्यावरच्या एका वयस्कर बाई पुढे वाकल्या. त्यांच्या पुस्तकांवरून मी शिल्पं बघायला शिकले होते.

"माझा आवाज येतोय का? मी म्यूटवर आहे का?"

"नाही मॅडम, बोला."

"त्या मुलीला विचारायचं होतं." त्या मराठीत बोलत होत्या. "हात छातीवरून गेला तेव्हा स्तनसूत्र लागलं का? म्हणजे दोन स्तनांच्या मधून उतरणारी साखळी. पुरुषमूर्तीला ती कधी नसते. ती दगडात असेल तर शिल्पकाराने बाईच घडवली आहे. नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेल-हळदीचा थर चढूनही तसा उंचवटा होतो. लागली का?"

सभागृहातले बरेच पुरुष फरशीकडे पाहू लागले. इंग्रजीत मी हेच शब्द दिवसातून कितीदा लिहिते.

"मी तिथे हात थांबवला नाही."

"का?"

माईक तोंडाजवळ होता. "लाज वाटली," मी म्हटलं. मराठीत.

लोक हसले. वाईट नव्हतं ते हसणं, पण मोठं होतं. पडद्यावरच्या बाई क्षणभर तशाच बघत राहिल्या. नेट हळू होतं. मग त्याही हसल्या, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लाज वाटली हे तरी खरं सांगितलं. मग नावापुढे प्रश्नचिन्ह ठेव. आणि परत जाऊन ये."

सर उभे राहिले. मला वाटलं ते सत्र आवरायला सांगणार. "नोंदीसाठी सांगतो," ते म्हणाले. "विष्णू हे माझं छापलेलं मत आहे. त्याच्यापुढेही प्रश्नचिन्ह टाकावं." आणि बसले.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. हातात बशी होती, बशीत जिलबी. "तुम्ही ऐकलं नाहीत माझं," ते म्हणाले. त्यांनी जिलबी संपवली, बोटं रुमालाला पुसली. "पुढच्या वर्षी जायला जमेल ना?" असं विचारून त्यांनी लगेच दुसरीकडे पाहिलं. ते काय विचारत होते ते दोघांनाही कळलं होतं.

त्या वर्षात लातूरचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, कमी बोलणारा. त्यांना वैशाखात लग्न हवं होतं. मी दसऱ्यानंतर म्हटलं.

"कारण काय सांगू त्यांना?" आईने विचारलं.

"देवीचं आहे म्हणून सांग."

आईने तसं सांगितलं. त्यांना नवस वाटला. नवसासाठी ते थांबलेही असते, पण कोणता नवस असं त्यांनी विचारलं आणि आईला खोटं रेटता येईना. मग तिने सगळं खरं सांगून टाकलं, हळदीसकट. त्यांचा परत फोन आला नाही. आई काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

निबंध चर्चासत्राच्या पुस्तकात आला. मूर्तीच्या फोटोखाली 'केशव-शक्ती (?)' असं छापलं होतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी ते पान मोबाईलवर घेऊन दुकानात गेले. धाकट्या काकूंनी मला बघताच विचारलं, "अजून तशीच का ग?"

"तशीच."

"बरं झालं. म्हणजे, बरं न्हाई झालं. पण आज बरं झालं."

काकूंनी मोबाईल हातात घेऊन फोटो बघितला. "ही मागल्या सालची साडी. आणि हे आकड्यावानी काय?"

"म्हणजे नक्की माहीत नाही."

"कुणाला?"

"मला."

"मग आज नीट लाव की." एवढं बोलून त्या थांबल्या. आतून बांगड्यांचा आवाज आला. काकूंच्या धाकट्याचं लग्न झालं होतं. नवी सून दारात आली. माझ्याहून लहान, हात मेंदीने भरलेले. घरात आता खांदा न दुखणारी सून होती. कुमारिकेची गरज उरली नव्हती. हे मला आणि काकूंना एकाच वेळी सुचलं असावं, कारण त्या मोबाईल परत देताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

"पहिलं वर्ष हाय तिचं," त्या म्हणाल्या. "मान तिचा."

"हो," मी म्हटलं.

मी एवढंच बोलले. पुढचं वाक्य मला येत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. काकूंनी वाटीत तेल ओतलं, हळद कालवली. मग म्हणाल्या, "दोघी लावा. ती डावीकडून, तू उजवीकडून. त्यात काय दस्तूर मोडत न्हाई. हो का ग?"

"मोडत न्हाई," धाकट्या काकू म्हणाल्या. शेडमधून झरीची लेकही म्हणाली, "न्हाई मोडत."

या वेळी साडी जांभळी होती. जुनी अंगावरून सुटून पायाशी आली होती, तिचं टोक काकूंच्या हातात होतं. आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी गुडघ्यांवर बसलो आणि साडीत हात घातले. नवी सून घाबरलेली होती. बांगड्या दगडाला लागल्या की ती 'चुकलं' म्हणायची, कोणाला ते माहीत नाही.

मी कमळ आणि शंख लवकर संपवले आणि हात छातीशी नेला. या वेळी मागे घेतला नाही. उंचवटा होता, थंड आणि घट्ट. पण बोटं तेलाने इतकी बुळबुळीत होती की त्याच्या मधल्या खोबणीत काय आहे ते कळेना. मी अंगठ्याने चाचपडत राहिले.

"तुमी काय शोधायलात?" सुनेने मूर्तीच्या पलीकडून अगदी हळू विचारलं.

"साखळी. मधोमध. असेल तर."

तिचा हात आतून सरकत आला. मेंदी, बांगड्या, तेल. तिने माझा अंगठा धरला आणि थोडा वर नेला.

"हितं बघा. बारीक मणी हायत. वरून येत्यात, मग दोन्हीकडं वळत्यात."

होते. एकेक मणी वेगळा कळत होता. मधून खाली उतरून दोन्ही बाजूंना वळणारी साखळी. हळदीच्या थराला असे मणी येत नाहीत. मी ते वरपासून खालपर्यंत एकदा मोजल्यासारखे चाचपले आणि परत वर आले.

"काय लागलं ग दोघींना? एवढा वेळ?" काकूंनी विचारलं.

मी बोलायच्या आत सून म्हणाली, "आत्याबाई, आईच्या गळ्यात साखळी हाय. दगडाची. आतून."

काकूंच्या हातात जुन्या साडीचं टोक तसंच राहिलं. ताटात साखळी ठेवलेली होती, पितळेची, दरवर्षी घालतात ती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग आपण घालतो ती?"

"ती वरून," मी म्हटलं.

"असू दे," काकू म्हणाल्या. "दोन असू दे." आणि त्यांनी जुनी साडी खालून ओढून घेतली.